दरफाळणीच्या सणाला तात्या

ट्रॅक्टर गॅरेजात ग्रीस आणि किस्से दोन्ही साचतात. ग्रीस निदान डिझेलनं निघतं! आमच्या इंदापूर रोडच्या गॅरेजातले निम्मे किस्से मेकॅनिक शमुवेलभाऊंचे. ते बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. मूळचे अलिबागकडचे.

पहिल्याच वर्षी ते म्हणाले, "उद्या दरफाळणीचा सण. दार लावून उपास आणि प्रार्थना. वर्षभराच्या पापांची माफी मागायची. बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही."

मालक मुख्तारभाईंनी विचारलं, "पाणी तरी?"

"तेही नाही. आज संध्याकाळपासून उद्या संध्याकाळपर्यंत."

मुख्तारभाई म्हणाले, "आमी रोज्याला रात्री तरी जेवतो हो!"

दुसऱ्या दिवशी आमचे वेल्डर दत्तातात्या डबा घेऊन त्यांच्या दारात! कडी वाजवली, हाका मारल्या. आतून चकार शब्द नाही. तात्या तणतणत परत आले. "साबुदाण्याची खिचडी हाय, उपासाचीच की! उपासाला उपासाचंबी चालत न्हाय, मग उपास धरायचा कशाला?"

यंदा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सणसरच्या गिऱ्हाइकाची ट्रॉली हुक तुटून उलटली. "तात्यांचं वेल्डिंग कच्चं," असं शमुवेलभाऊ सगळ्यांसमोर बोलून गेले. नंतर बघितलं तर वेल्डिंग शाबूत, हुक भलतीकडंच तुटलेला! तात्यांनी बोलणंच टाकलं.

सणाच्या आदल्या दुपारी भाऊ त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "तात्या, चुकलो. माफ करा."

तात्यांनी तोंडावर मास्क ओढला आणि वेल्डिंग सुरू केलं. भाऊ ऊन कलेपर्यंत तसेच उभे होते. जाताना मला म्हणाले, "देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा माणसानंच करावा लागतो. उद्या दिवस मावळला की वरचं माफीचं दारही लागतं."

मी ते तात्यांच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, आणि ऊन उतरायला लागताच मला मोटारसायकलवर मागं बसवून निघाले. नेमकं रेल्वे फाटक लागलेलं! तात्या सूर्याकडं बघत आगगाडीला शिव्या घालत होते.

पोचलो तेव्हा दिवस बुडायच्या बेतात होता. बंद दारातून प्रार्थना ऐकू येत होती.

"शमुवेलराव, माफ केलं हो!" तात्या ओरडले.

आतला आवाज थांबला.

"तात्या, आज ते बोलणार नाहीत," मी म्हणालो.

"त्यांना कोन इचारतंय!" तात्यांनी मान वर केली आणि आभाळाकडं बघून हाक दिली, "ओ! माफ केलंय मी! दार लावू नगा, आमचा मानूस आत यायचाय!"