तुळजाबाईच्या गोष्टीतलं विमान

वैशाखात उरवड्याच्या बायका आमच्या पडवीत बांबूच्या कांब्या आणि पळसाची पानं घेऊन बसत, पावसात पाठीवर घ्यायची इरली विणत, आणि तुळजाबाई गोष्ट सांगे. तिची अट एकच. कुणीतरी "हूं" म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हुंकाराचा मान सखूचा. जीभ तिखट, पण गोष्टीत जीव गुंतवून ऐकणारी.

साठ-एकसष्ट सालच्या सुमारास तुळजाबाई पुण्याला लेकीकडे राहून आली. जावयाने तिला टेलिफोन दाखवला, हातबॅटरी दाखवली, लोहगावला नेऊन विमानही दाखवलं. परत आली ती हे सगळं गोष्टीत घेऊनच.

पहिल्या दिवशी बायका हरखल्या. राक्षसाने राजकन्येला गुहेत कोंडलं. तिने बॅटरी लावली, भावाला फोन केला, भाऊ विमान घेऊन हजर! पुढच्या गोष्टीत वाघ आला, विमान आलं. मग पूर आला, विमान आलं. सखूचा "हूं" बारीक होत गेला आणि एका दुपारी बंदच पडला. बघते तर बाई खांबाला टेकून घोरतेय.

"सखे, मेलीस का गं?" तुळजाबाई ओरडली.

"मरते कशाला? इमान येनार हाय की! उद्या बी इमानच आलं, तर मी रत्नाबाईच्या पडवीत जाऊन बसते. तितं गोष्ट न्हाई, पर चुगल्या तरी हायेत."

सगळ्या हसल्या. तुळजाबाई हसली नाही. नवरा गेल्यापासून तिच्या घरात बोलायला माणूस नव्हतं. दिवसभर लोकांच्या शेतात राबायचं, आणि सुख म्हणाल तर हा पडवीतला हुंकार. तो गेला तर तिला उरणार काय?

दुसऱ्या दिवशी तिने राक्षसालाही विमान दिलं. आभाळात नुसती घोंघों. सखू खरंच पानं गोळा करून निघून गेली.

बायका पांगल्यावर मी तुळजाबाईला चहा दिला. रोज पोथी वाचते, म्हणून तोंडातून निघून गेलं, "अगं, देवसुद्धा भक्ताने हाक मारल्यावर येतो. तुझं विमान हाकेआधीच अंगणात."

"म्हंजी देवाला बी उशीर कर म्हनू व्हय?"

"देवाला नको. विमानाला सांग."

ती चहा संपवून तडक घरी निघाली. मला वाटलं, रागावली.

दुसऱ्या दिवशी सखू विसरलेली कोयती न्यायला आली. तुळजाबाईने तिच्याकडे न बघता गोष्ट सुरू केली. "राजकन्येनं गुहेतनं फोन लावला. वाजतोय, वाजतोय. उचलतंय कोन? उचलनारी खांबाला टेकून घोरतीया!"

सगळ्या सखूकडे बघून खिदळल्या. सखू दारात थांबली. "बरं, मग?"

"बॅटरी लावली, तर शेल संपल्यालं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना, आसा काळोख. अन् राक्षस मांडीवर डोकं ठिवून म्हनतो, पोरी, उवा बघ माझ्या."

"अगं बया! मग?"

"हूं म्हन, मंग सांगते."

"हूं!" सखू म्हणाली आणि कोयतीसकट खाली बसली.

"उवा बघता बघता तिच्या बोटाला जटंत कायतरी गार लागलं. गुहेची किल्ली! वढावी, तर राक्षस जागा हुतोय..."

"हूं! हूं! पुढं बोल की गं!" सखूबरोबर आता सगळी पडवीच हुंकार देत होती.

तुळजाबाईला कसली घाई? तिने पदर सावरला आणि आधी माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं.