दारावरचं ‘मे’

आमचे हे पाण्याचे मीटर वाचतात. म्हणजे वाचायचे. सत्तावीस वर्षं वाचले. ऑफिसात यांचं नाव ‘कशावरून’. कोणी काही सांगायला तोंड उघडलं की यांचा पहिला शब्द तोच. अमक्या बिस्किटात मेण असतं. कशावरून? तमक्या नंबरचा फोन उचलला की माणूस जागच्या जागी खलास. कशावरून, मेलेल्याने येऊन सांगितलं का? लग्नानंतर महिनाभरात मी यांना बातम्या सांगणं सोडून दिलं. भाजी महागली म्हटलं तरी पुरावा मागायचे.

मीटरचं चाक फिरेनासं झालं की ही मंडळी ‘मीटर मेला’ म्हणतात. मग दुरुस्तीवाल्याला दार सापडावं म्हणून चौकटीवर खडूने ‘मे’ लिहायचं आणि खाली तो येणार ती तारीख. यांच्या आधीचे लिहायचे, हेही लिहीत आले. एवढ्या वर्षांत कोणी वर मान करून पाहिलंही नव्हतं.

ताईंच्या दारावर यांनीच लिहिलं. ‘मे’, खाली चौदा. ताई म्हणजे यांची थोरली बहीण, यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांचं नाक पुसण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं. चौदा तारखेला सकाळी दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, न्हाणीघरात पडले ते उठलेच नाहीत. अकराच्या सुमाराला दुरुस्तीवाला आला, दारातल्या चपला बघून तसाच परत गेला.

‘मे’ पहिल्यांदा दिसलं ताईंच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना. बाई गणित शिकवतात. त्यांनी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला, खाली नुसतं लिहिलं, ‘योगायोग?’ संध्याकाळपर्यंत ते प्रश्नचिन्ह गळून पडलं. दोन दिवसांत तो फोटो माझ्या मावसबहिणीकडून मलाच आला. तोवर पाण्यातून काहीतरी सोडतात, आधी दारावर तारीख घालतात, आणि पेपरवाले गप्प आहेत याचाच अर्थ खरं आहे, इतकं सगळं त्याला चिकटलं होतं. खाली ‘आपल्या माणसांचा जीव प्यारा असेल तर पुढे पाठवा’.

हे आधी हसले. मग चिडले. मग रजा काढून, त्या महिन्यात ‘मे’ लिहिलेली त्रेचाळीस दारं पायी फिरले. बेचाळीस घरांत माणसं धडधाकट होती. एका घरात तर बाळ झालं होतं. यादी घेऊन हे ग्रुपवाल्यांपुढे उभे राहिले. शिकवणीवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “त्यांचा नंबर अजून यायचाय.” हे यादी घेऊन परतले. घरी येऊन यादीची घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला बसले.

बाहेरच्यांचं यांना फारसं काही नव्हतं. पण ताईंनी दार उघडणं बंद केलं. फोन केला की उचलायच्या, यांचा आवाज ऐकून ठेवून द्यायच्या. पाचव्या आठवड्यात हे मला घेऊन गेले. साखळी अडकवलेल्या फटीतून ताई म्हणाल्या, “तुझं अक्षर मी ओळखत नाही का? मीच गिरवून घेतलंय ते.”

“ताई, ते मीटरचं आहे गं. मीटर मेला म्हणून ‘मे’.”

“मग चौदा तारखेलाच कसे गेले?”

तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं. “त्या दिवशी दाजींच्या कपाटात रक्तदाबाच्या सुट्या गोळ्यांची पुडी सापडली, ताई. तीन महिन्यांची. एकही गिळलेली नाही.”

रोज नाश्त्यानंतर गोळी दाजींच्या हातावर ठेवणाऱ्या ताईच. घेतली का, हे बघायचं राहून गेलं होतं. फटीतून मला त्यांचा चेहरा दिसला आणि माझ्या लक्षात आलं, की खडूने नाही मारलं तर मग ताईंच्या लेखी आता ताईंनीच मारलं. यांच्याही लक्षात आलं असावं. सत्तावीस वर्षं ‘कशावरून’ विचारणारा माणूस मान खाली घालून म्हणाला, “माझं चुकलं ताई. मी लिहायला नको होतं.”

साखळी निघाली. आत शिकवणीवाल्या बाई बसलेल्या होत्या, सोबतीला. त्यांनी यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी नवा मजकूर फिरला. मीटरवाल्याची बहिणीपाशी कबुली. लोकांनी यांच्यासाठी दारं उघडायची बंद केली, एके ठिकाणी कुत्रं सोडलं. साहेबांनी यांना भांडारात बसवलं. तिथे हे जुने मीटर पुसून फळीवर लावतात. घरी येतात, हातपाय धुतात, टीव्ही बघतात. परवा कोणीतरी बातम्यांत म्हणालं, चंद्राच्या पलीकडे वस्ती आहे. मी मुद्दाम यांच्याकडे पाहिलं. हे नुसते बघत होते. मलाही राग येईनासा झालाय. येईल येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही.

ताई आता दर रविवारी येतात. येताना यांच्यासाठी काही ना काही करून आणतात, लहानपणी भरवायच्या तसं पुढे बसून खायला लावतात. गेल्या रविवारी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला.

“मी केलंय माफ त्याला,” त्या हळूच म्हणाल्या. “तूही कर. त्याच्या हातून झालं, पण शेवटी भाऊ आहे माझा.”

मी हो म्हटलं. मग आम्ही दोघींनी पानं वाढली.