कामाचा हात

बारा वर्षं आमचा मामा एकाच माणसावर चिडून होता, आणि तो माणूस म्हणजे त्याचा जीव वाचवणारा सर्जन. लोक त्याला कृतघ्न म्हणायचे. म्हणोत बापडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मामा न्हावी, आणि डावखुरा. दाढी करताना गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागावं इतका त्याचा हात हलका. सही तेवढी उजव्या हाताने करायचा, कारण शाळेत मास्तरांनी पट्टीने बडवून लिहिण्यापुरता त्याचा हात बदलला होता. बायपासच्या आधी त्याने कागदावर सही केली, ती पाहून नर्सने कामाचा हात 'उजवा' असं लिहून टाकलं. रक्तवाहिनी कामाचा नसलेल्या हातातून घेतात, म्हणून सर्जनने डावं मनगट दाबून हातात रक्त नीट फिरतंय का ते तपासलं आणि तिथलीच रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडली. पोट कुठल्या हातावर चालतं, एवढं विचारलं असतं तर त्याची जीभ झिजली असती का? मामाच्या अंगठ्याची बाजू कायमची बधिर झाली. पात्याचा अंदाज येईना. एका गिऱ्हाइकाच्या गालावर रक्त आलं, त्या दिवशी त्याने वस्तरा ठेवला तो ठेवलाच. पुढे मशीनने केस कापले, दाढी मात्र कुणाची केली नाही.

या वर्षी तपासणीसाठी त्याला पुन्हा भरती केलं. सोबतीला मी होतो. तरुण डॉक्टर पडद्यावरचं चित्र दाखवत खुशीत सांगू लागला, की तेव्हा पायातूनही घेतलेल्या दोन्ही शिरा बंद पडल्यात, पण हातातली अजून स्वच्छ वाहतेय. तिच्याच जोरावर मामा चालता-फिरता आहे. अशा जुन्या पेशंटांचं पुढे काय होतं याचा अभ्यास चालला होता, त्याचा फॉर्म त्याने पुढे केला. छातीत दुखतं का, दम लागतो का, पुन्हा झटका आला का, सगळं होतं. हाताबद्दल अवाक्षर नव्हतं. निकालाच्या जागी त्याने आधीच 'उत्तम' लिहून ठेवलं होतं.

मला वाटलं, मामा आता फॉर्म फाडतो. पण त्याचं लक्ष शेजारच्या खाटेकडे होतं. तिथे एक शिंपी होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायपास होती, डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत शाईची रेघ ओढलेली. त्याच हातात सुरी धरून तो बायकोला सफरचंद कापून देत होता.

"कात्री कुठल्या हाताने चालवता?" मामाने विचारलं.

शिंप्याने सुरीचाच हात वर केला.

मामा तरातरा नर्सच्या टेबलाशी गेला. शिंप्याच्या कागदात हाताचा रकाना कोराच होता. कोरा असला की उजवाच धरतात, असं नर्सने सांगितलं. डॉक्टर धावत आला आणि बसून बोलू म्हणाला.

"बसायला नाही आलो मी. आधी ती रेघ पुसा."

डॉक्टरने सर्जनला फोन लावला. मग शिंप्याचं उजवं मनगट दाबून तपासलं, डावीकडची रेघ स्पिरिटने पुसली आणि उजव्या हातावर नवी ओढली. शिंपी बिचारा भेदरला होता. ऑपरेशन रद्द झालं नाही, हे मामानेच त्याला दोनदा सांगितलं.

डॉक्टर नरमून म्हणाला, "काका, तुमच्यामुळे त्यांचा हात वाचला."

"माझ्या वेळी शेजारची खाट रिकामी होती," मामा म्हणाला, आणि सगळ्यांसमोर रडला. रडतानाही तो चिडलेलाच होता.