लेस्टरमधलं टोकियो आणि हिरवे ठिपके

टोकियोतला शिबुयाचा तो प्रचंड चौक, गिंझाचे झगमगीत रस्ते, हाराजुकूची पोरासोरांनी फुललेली गल्ली... या जागांवर माझा मुळात काहीच राग नव्हता. राग आला तो त्यांचे भलेमोठे फोटो इथे इंग्लंडमध्ये, आमच्या लेस्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये लावलेले पाहून.

आमच्या मार्केटमागची छपराची गल्ली पाडून तिथे 'टोकियो क्वार्टर' उभारायचं बिल्डरने ठरवलं होतं. त्याच गल्लीत काकूंचा पोळी-भाजीचा गाळा. काकू म्हणजे आईची मैत्रीण. नवरा गेल्यावर त्यांनी त्या गाळ्यावरच घर चालवलं. गाळा गेला की त्यांचं सगळंच गेलं. म्हणून मी दारोदार पत्रकं वाटली, मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं: हॉलमध्ये कन्सल्टेशन आहे, बिल्डर लोकांची मतं घेणार आहे; या, विरोध नोंदवा.

आले की! झुंडीने आले. तिथेच घात झाला.

दारात प्रत्येकाला फोटोंवर चिकटवायला गोल स्टिकर देत होते. हिरवा म्हणजे पसंत, लाल म्हणजे नापसंत. मंडळातले निम्मे लोक नुकतेच ग्रुप टूरने जपान करून आलेले. फोटोंचे बोर्ड दिसताच सगळे परत टूरवर निघाले.

"अगं, हा बघ शिबुया! इथेच माझी टोपी उडाली."

"आणि गिंझात तुम्ही टॉयलेट शोधत फिरत होतात, ते सांगा की!"

हसत हसत हिरवा ठिपका. इथे गेलो होतो, ठिपका. तिथे गेलो होतो, ठिपका. एकाने तर ठिपक्यासोबत सेल्फी काढला.

टोपीवाल्या काकांना मी म्हटलं, "काका, हे टूरचे फोटो नाहीत! हिरवा लावला म्हणजे गल्ली पाडा म्हणालात तुम्ही."

"असं कुठे लिहिलंय?"

"खाली. बारीक अक्षरात."

"तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत आंदोलन! काहीतरी चांगलं होतंय, होऊ दे की."

हा माणूस दर शनिवारी काकूंकडून पोळ्या नेतो. मी तेही सगळ्यांसमोर सुनावलं. त्यांची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

मग काकू दिसल्या, यानाकाच्या फोटोसमोर. टोकियोतली जुनी बाजारगल्ली ती. खेटून बसलेली छोटी दुकानं, कढईत काहीतरी तळणारी म्हातारी. तिच्या शेजारी काकूंनी हिरवा ठिपका लावला होता.

"काकू, काय केलंत हे!"

"अगं, आपल्यासारखीच गल्ली आहे. राहू दे म्हटलं."

यानाका टिकली ती कुणी पाडली नाही म्हणून. आणि तिचाच फोटो दाखवून हे काकूंना उठवणार! मी तो ठिपका नखाने खरवडायला लागले. बिल्डरची बाई धावत आली. गोड आवाजात म्हणाली, प्लीज, इतरांच्या मताचा आदर करा.

"इट्स माय डॉट," काकू म्हणाल्या. "आय टेक बॅक." आणि त्यांनी तो ओढून काढला. फोटोचा टवका निघाला.

एक गेला. बाकीचे राहिले. बिल्डरने छापलं, स्थानिक भारतीय समाजाचा उत्साही पाठिंबा. कौन्सिलने मान डोलावली.

काकूंना गाळा रिकामा करायला सांगितलंय. काल मंडळाच्या ग्रुपवर त्याच काकांनी विचारलं, "आता चांगल्या पोळ्या कुठे मिळतील?"

मी लिहिलं, "स्वतः लाटा."