जानरावांचा लाल टॅग

जानराव गावंड्यांच्या घरचा चहा नेहमी अर्धाकच्चा असायचा. कमलाताईंचा त्यात काही दोष नव्हता. त्या आधण ठेवून, पत्ती टाकून जरा दाराशी माझ्याशी बोलायला येत, तेवढ्यात जानरावजी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून येत. "उघडा वॉल्व्ह सोडून जात नसते माणूस," असं वर आम्हालाच ऐकवत. नेहरू नगरात आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे या गॅसवरची भांडणं मी वर्षानुवर्षं फुकटात ऐकली आणि पोटभर हसले.

त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. अमरावतीकडून भिलाईला आलेल्या या माणसाची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या गॅसलाइनींवर गेली. एकदा त्यांच्या सोबत्याला गॅस लागला. यांनी त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं, पण तो वाचला नाही. तेव्हापासून उघडा वॉल्व्ह दिसला की यांचा हात आपोआप तिकडे जायचा. आणि तिथला एक नियम अंगात मुरलेला. ज्याने वॉल्व्ह बंद केला, त्याने तिथेच आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं. तो टॅग काढायचाही त्यानेच. रिटायर झाल्यावर घरच्या पाण्याच्या मोटारीवरसुद्धा 'जा. गावंडे' असा टॅग झुलू लागला. गल्लीने त्यांची यथेच्छ टर उडवली, त्यात मी पुढे होते.

दिपाली त्यांची एकुलती एक. कॉलनीतल्या बाकीच्या मुली कोचिंग क्लासच्या पायऱ्या झिजवत होत्या, तेव्हा हिने विमान शिकायचं डोक्यात घेतलं, आणि शिकूनही आली. दुर्गच्या पलीकडे एका खासगी मालकाची लहानशी धावपट्टी होती, तिथे ती त्याचं दोन सीटांचं विमान चालवायची. रविवारी जानरावजी स्कूटरवर तिच्या मागोमाग जात, काचा पुसत, आणि विमान निघालं की शेडसमोर उभे राहून दोन्ही हात हलवत. ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहत. सोमवारी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्याचं वर्णन ऐकावं लागे.

त्या विमानाची गोष्ट मला दिपालीनेच आमच्या ओट्यावर शेंगा सोलता सोलता समजावली होती. दोन्ही पंखांत पेट्रोलची एकेक टाकी. दोन सीटांच्या मध्ये, खाली, एक हँडल. डावी टाकी, उजवी टाकी आणि बंद, अशा त्याच्या तीन जागा. उडताना आठवणीने टाकी बदलायची, नाहीतर एक संपते आणि दुसरी भरलेली असूनही इंजिन उपाशी मरतं.

"मावशी, पेट्रोल होना अलग, और इंजिनपर्यंत पोचणं अलग," ती म्हणाली. "लोक याच्यातच फसतात."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी कावून फसू? जानरावची पोरगी आहो मी!"

असं म्हणाली होती माझी बाई.

तो रविवार उन्हाचा होता. पहिली फेरी मारून दिपाली उतरली आणि मालकाशी बोलायला शेडमध्ये गेली. जानरावजी आत वाकून काच पुसत होते. त्यांना पेट्रोलचा वास आला. थोडासाच, गरम विमानाला येतो तसा. खाली हँडल उघडं दिसलं आणि हात गेला. त्यांनी ते बंद केलं.

लगेच खिशाशी हात नेला. प्लांटात टॅग खिशातच असायचे. रिटायर झाल्यापासून ते स्कूटरच्या डिक्कीत पडून होते, आणि स्कूटर लांब, झाडाखाली. ते टॅग आणायला निघाले. नियम सोडून वागणारा तो माणूसच नव्हता. पण वाटेत चौकीदाराने चहाचा पेला पुढे केला. "पापाजी, आज तो पूरा पका के बनाया है." त्यांच्या घरच्या कच्च्या चहाची ख्याती तिथवर पोचली होती. सगळे हसले. जानरावजीही हसले, आणि उभ्याउभ्या चहा प्यायले.

टॅग घेऊन ते वळले, तोवर इंजिन सुरू झालं होतं.

त्या धावपट्टीवर ते हँडल 'बंद'वर कधी कोणी नेतच नसे. दिपालीने काटे पाहिले. दोन्ही टाक्यांत पेट्रोल भरपूर होतं. हँडल तिने पाहिलं नाही. पाइपात उरलेल्या पेट्रोलवर विमान चाललं, वळलं. जानरावजी चपला टाकून धावले. हातातला लाल टॅग डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत, ओरडत धावले. दिपालीने त्यांना पाहिलं. बाबा दर रविवारीच हात हलवायचे. तिने हसून हात हलवला आणि विमान पळवलं.

बाभळींच्या वर पोचेपर्यंत आवाज होता. मग नव्हता.

तान्हेपणी मी तिला न्हाऊ-माखू घातलं आहे. त्या दिवशी काय घरी आणलं, ते मी लिहिणार नाही.

चौकशीला साहेब आले, तेव्हा जानरावजी स्वतःहून त्यांच्यासमोर जाऊन बसले. "मी बंद केला जी. माह्या पोरीची गलती नाही. तिचं नाव काढा, माहं लिवा." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, "काका, हैंडल किसी ने भी घुमाया हो, उड़ने से पहले देखना पायलट का ही काम है." अहवालात तसंच आलं. खोटं नव्हतं ते, म्हणून तर जास्त लागलं. गावात मात्र लोकांनी त्याचं एवढंच केलं की गावंड्यांची पोरगी पेट्रोल चालू करायला विसरली. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, पोरींच्या हाती विमान दिल्यावर दुसरं काय होणार! त्या बाईशी मी आजही बोलत नाही.

कमलाताईंना जानरावजींनी चौकशीच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं, चहासकट. मी तिथेच होते. ताईंनी रडून घेतलं नाही, की बोल लावला नाही. आयुष्यभर प्लांटच्या माणसाचा डबा भरलेली बाई ती. तिने एकच विचारलं, "पहिले टॅग, मंग चहा. तुमीच सांगत होते ना?"

त्यानंतर जानरावजींनी चहाला तोंड लावलेलं मी पाहिलं नाही. आता त्या घरात आधण निवांत उकळतं, आणि स्वयंपाकघरात कोणी जात नाही.

रविवारी मात्र ते अजूनही धावपट्टीवर जातात. मालकाने एकदोनदा समजावलं, मग सोडून दिलं. जो कोणी विमानात बसेल, त्याच्या खिडकीशी हे जाऊन उभे राहतात. "हँडलले हात लाव. डोळ्यांनं पाह्य. कोन्ती टाकी हाय, मले मोठ्यानं सांग." मग पाइपात उरलेलं पेट्रोल संपेल इतका वेळ, त्याच टाकीवर इंजिन जमिनीवरच चालू ठेवायला लावतात. "आता उडेपर्यंत हँडलले हात नको लावू." एवढं झाल्यावर, विचारो न विचारो, प्रत्येकाला सांगतात, "माही पोरगी विसरली नव्हती. मी बंद केला होता." त्यांना उत्तर नकोच असतं. कागदावर जे लिहून मिळालं नाही, ते जानरावजी एकेकाला तोंडी सांगत सुटले आहेत.

परवा मी कमलाताईंना घेऊन पहिल्यांदाच तिथे गेले. अपूर्वा नावाची एक नवी मुलगी उडणार होती. तिने मोठ्याने सांगितलं, "डावी टाकी, काका!" इंजिन सुरू झालं. जानरावजी शेडसमोर येऊन उभे राहिले. जाता जाता त्या मुलीने त्यांच्याकडे बघून हात हलवला.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. विमान बाभळींच्या वर गेलं, वळलं, आवाज दूरवर चालू राहिला, तरी ते तसेच उभे होते. कमलाताई पुढे झाल्या आणि मागून त्यांची बोटं सोडवू लागल्या. सुटत नव्हती.