बोरन्हाणात लुटलेलं अंडं

माझ्याकडे सतरा गाड्या होत्या आणि पार्किंगची काही भानगड नव्हती. सतराच्या सतरा शोकेसच्या एका फळीवर मावायच्या. अंगठ्याएवढ्या, पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या, माझ्या वयाच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत. मोठ्या युद्धानंतर युरोपात पेट्रोल नाही, पत्रा नाही, म्हणून लोकांनी ज्या चक्रम छोट्या गाड्या काढल्या, त्यांच्या या प्रतिकृती. कुणी स्कूटरचं इंजिन लावलं, कुणी तीनच चाकं दिली. एकीत नवरा पुढे, बायको त्याच्या पाठीमागे आणि वर विमानासारखं काचेचं झाकण. एकीला तर रिव्हर्स गिअरच नाही. मागे घ्यायची असेल तर आपण खाली उतरायचं, गाडी मागून उचलायची आणि फिरवून ठेवायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका खूश झालो की तसाच उठून स्वयंपाकघरात बायकोला सांगायला गेलो. ती पोळी उलटत म्हणाली, "आपल्या रिक्षाचं काय वाईट आहे मग?"

या सगळ्यांत माझा जीव कुणात असेल तर तो अंड्यात. मी तिला अंडं म्हणतो, कारण ती तशीच दिसते. या गाडीला बाजूला दार नाही. अख्खं नाकच फ्रिजच्या दारासारखं उघडतं आणि त्याच्याबरोबर स्टिअरिंगही बाहेर येतं. चौदा वर्षं मी ही शोधत होतो. दारासकट कुठे मिळायचीच नाही, कारण पोरं पहिलं दारच मोडतात. शेवटी घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे, बटणांनी भरलेल्या बरणीच्या तळाशी सापडली. पिवळीधमक, आणि दार शाबूत. त्या दिवशी मी दिंडोशीच्या घरापर्यंत एक हात खिशात घालूनच आलो.

आता झालं काय, तर जानेवारीत आमच्या नातवाचं बोरन्हाण ठरलं. पहिली संक्रांत, काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं साग्रसंगीत. बाळाला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, रेवड्या ओतायच्या आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. हल्ली त्यात छोटी खेळणीही घालतात. सोसायटीतली वीस-पंचवीस पोरं घरात शिरणार म्हटल्यावर मला आधी गाड्या आठवल्या. मी फार हुशारी केली. शोकेस रिकामी केली, सतरा गाड्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा फ्रिजवर ठेवला. लुटीसाठी आणलेली प्लास्टिकची खेळणी त्याच सेटमधल्या दुसऱ्या डब्यात होती, ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. मी विचारलंही नाही म्हणा.

माझ्याकडे व्हिडिओ काढायचं काम होतं. बायको चुरमुरे ओतत होती, सून हसत होती, नातू एक रेवडी चोखत बसला होता. तेवढ्यात मुलुंडच्या आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, आतून डबा घेऊन आल्या आणि ओंजळ भरून बाळाच्या डोक्यावर धरली. मोबाइलच्या स्क्रीनवर मी पाहतोय, बोरांबरोबर काहीतरी पिवळं घरंगळलं. क्षणभर मला वाटलं, लिंबाची गोळी असेल. मग काचेच्या झाकणाची दिसली. तो व्हिडिओ आजही आहे. त्यात शेवटी नुसतं छत दिसतं आणि मागून एक आवाज येतो. तो मी.

दुसरं कुणी असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. माझा तोंडाचा पट्टा सोसायटीला ठाऊक आहे. पण विहीणबाई! त्या कौतुकाने बोलत होत्या, "किती गोड छोट्या छोट्या गाड्या आणल्यात हो व्याह्यांनी, हौशी आहेत." बायकोने माझा दंड धरला आणि आमच्या मालवणीत हळूच म्हणाली, "गप रवा. काय एक बोलू नकात." विहिणीचा अपमान म्हणजे सुनेच्या माहेरचा अपमान. मी गप रवलो. तिळाची वडी तोंडात कोंबली आणि हो हो म्हणत मान हलवली. दोन मिनिटांत जमीन साफ. बोरंसुद्धा उरली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी दारं वाजवायला लागलो. हातात चॉकलेटची पिशवी. लाजेने मेल्यासारखं व्हायचं, पण आयांनी धमाल मदत केली. एकीने कंपासपेटीतून काढून दिली, एकीने वॉशिंग मशीनमधल्या हाफपँटच्या खिशातून. रिव्हर्स नसलेली गाडी एका माशांच्या टाकीत तळाला उभी होती, मजेत होती. दोन दिवसांत सोळा आल्या. अंडं नाही.

तिसऱ्या दिवशी कळलं, समोरच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर. दार आजीने उघडलं. त्या परभणीकडच्या. "असंल भाऊ, ह्या लेकराकडंच असंल," म्हणाल्या आणि नातीला पुढे केलं. पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. मुठीत अंडं. दार शाबूत होतं, मी आधी तेच पाहिलं.

मी उकिडवा बसलो आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणालो, "बाळा, ही गाडी मला परत हवी होती."

"लुटीतलं परत देत नाहीत," ती म्हणाली.

पोरगी बरोबर होती. खरंच देत नाहीत. आजी रागे भरायला लागल्या, पण पोरीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही पण लुटा ना."

तिने आतून बाहुली आणली, पाटावर बसवली. जपून ठेवलेल्या रेवड्या, चार सुकलेली बोरं आणि वर अंडं, सगळं वाटीत घालून वाटी आजीच्या हातात दिली. मग माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली, तयारीत. आजी हसत हसत वाटी ओतू लागल्या. आणि मी, बासष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस, फरशीवर सपशेल आडवा पडलो. खरं सांगतो, त्या पोरीला मी कोपराने ढकललं. अंडं माझ्या मुठीत आलं.

मी धापा टाकत उठून बसलो. वाटलं, आता भोकाड पसरणार. ती माझ्या मुठीकडे बघून म्हणाली, "परत."

माझी मूठ आणखी आवळली. इतकी की दार तळव्याला टोचलं. नियमाने लुटलेली वस्तू, आता परत कशी देणार? पण ती बाहुलीचं झबलं नीट करत होती आणि आजीपुढे वाटी धरत होती. मला उशिरा कळलं. तिला गाडी परत नको होती. तिला खेळ परत हवा होता.

मी अंडं वाटीत टाकलं. दुसऱ्यांदा मला मिळालं, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तिने झडप घातली आणि ते तिचं झालं. घरी येऊन मी सोळा गाड्या शोकेसमध्ये लावल्या. इतका हसलो होतो की बरगड्या दुखत होत्या, आणि इतकं हसायला या गाड्यांनी मला आजवर कधी लावलं नव्हतं.

आता दर रविवारी सकाळी मी समोरच्या बिल्डिंगमध्ये बोरन्हाणाला जातो. उन्हाळा लागला तरी बाहुलीची संक्रांत संपलेली नाही. बायको रोज विचारते, अंडं कधी आणताय? मी म्हणतो, पोरगी फार चपळ आहे. ती आहेच चपळ. पण मी हल्ली ढकलतही नाही.