मेंढीच्या दोन कानांचा खटला

माझ्या पहिल्याच फौजदारी खटल्यात अशिलाविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच तयार करून दिला. तोही भर अदालतीत, आवाज चढवून.

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि परभणीच्या अदालतीचं सगळं कामकाज उर्दूत चाले. मला सनद मिळून चार महिने झाले होते. अंगात थोरल्या भावाचा काळा कोट; त्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत. अशील एक धनगर होता, पोखर्णीच्या अलीकडच्या गावात पाल टाकून राहिलेला. आमच्याकडे नांगरट झाली की शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रानात बसवतात. लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, धनगराला ज्वारी मिळते. त्या गावच्या जमीनदाराच्या रानात याचा कळप आठ दिवस बसला, उठला, पुढं गेला. आणि जमीनदाराने ठाण्यात खबर दिली की आपली एक मेंढी कमी भरतेय. ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब, शिपाई घेऊन गेले. जमीनदाराने धनगराच्या कळपातली काळ्या तोंडाची एक पांढरी मेंढी धरली, "ही माझी" म्हणाला. चावडीपुढं पंचनामा झाला. त्यात मेंढीचा रंग लिहिला, तोंड लिहिलं. कान कोणी लिहिले नाहीत.

अदालतीत निकाल व्हायचा होता, गावात होऊन गेला होता. धनगर जमानतीवर सुटून आला, पण कळप रानात बसवून घ्यायला एकही शेतकरी तयार होईना. मेंढरं गायरानात उभी. मी त्याच्या बायकोला मोठ्या थाटात समजावलं, "बाई, कायद्यानं तुमचा नवरा आज निर्दोषच आहे. गुन्हा शाबीत करणं हे फिर्यादीचं काम. आपल्याला काही सिद्ध करायचं नसतं."

ती म्हणाली, "मंग आमची मेंढरं गायरानात काहून?"



पहिल्या पेशीला पेशकाराने, म्हणजे अदालतीच्या कारकुनाने, आरोप उर्दूत वाचला. धनगराने आदराने मान हलवली. मी उठून म्हणालो, मुलजिमाला उर्दू येत नाही, त्याच्यावर काय आरोप आहे ते त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. मुन्सिफसाहेब उंच, शांत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. त्यांनी पेशकाराकडून आरोप मराठीत सांगवला. धनगर एकदम ताठ झाला. "न्हाई सरकार. माझीच हाय ती."

हा माझा त्या दिवसातला एकमेव शहाणपणा. लगेच पुढचा प्रश्न निघाला, निकालापर्यंत मेंढी सांभाळायची कोणी? ठाण्यात तिला चारा घालायला कोणी तयार नव्हतं. जमीनदार म्हणाला, मी सांभाळतो. मुन्सिफसाहेबांनी मला विचारलं, "हरकत?" मी मोठ्या मनाने नाही म्हणालो. एक मेंढी कुठंही राहिली म्हणून काय बिघडतंय!

मग माझी उलटतपासणी. जमीनदार पिंजऱ्यात. मी कोटाच्या बाह्या खाली ओढून विचारलं, "मेंढी तुमचीच कशावरून?"

"तोंडावरून. काळं हाय."

"काळ्या तोंडाच्या मेंढ्या साऱ्या मुलखात आहेत. कानाला तुमची खूण आहे का? धनगर आपल्या कोकरांचे कान कातरतात. याच्या घराण्याची खूण डाव्या कानाला खाच. ती या मेंढीला आहे! तुमची खूण कुठंय?"

जमीनदार पटका सावरायला लागला. इथं शहाणा वकील खाली बसला असता. मला मात्र स्वतःचा आवाज फार आवडत होता. मी म्हणालो, "विचार करून सांगा. उजव्या कानाला काही आहे? शेंडा कापलेला आहे? का काहीच नाही?"

जमीनदाराने माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. "हाय की. उजव्या कानाचा शेंडा कापल्येला हाय. आमची तीच खूण, कोकरापासनं. अन् डावी खाच ह्यानं चोरल्यावर पाडली आसंल, दोन महिन्यांमागं."

पेशकाराने ते लिहून घेतलं. पुढची पेशी तीन आठवड्यांनी पडली. तोवर मेंढी त्याच्याच गोठ्यात राहणार होती.

बाहेर आल्यावर धनगरीण मला आडवी आली. "वकीलसाहेब, त्येला खूण ठावं नव्हती. तुमी शिकिवली."

"पण उजव्या कानाला काही नाहीच ना?"

"आज न्हाई," ती म्हणाली. "आता बगा कसा शेंडा जातोय ते. तुमी त्येचे वकील हाव का आमचे?"

धनगर खाली बघत होता. मी त्याला अदालतीत तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं, तो ते बाहेरही पाळत होता. त्याने मला एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री जेवण गेलं नाही वगैरे सांगणार नाही. जेवलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन अदालतीत हजर झालो. ज्या पुराव्यावर एखाद्याला चोर ठरवायचं, तो पुरावा त्याला डोळ्यांनी बघता आला पाहिजे, हाताळता आला पाहिजे. मेंढी हजर करावी आणि फिर्यादीला पुन्हा पिंजऱ्यात बोलवावं. पेशकार म्हणाला, "एका मेंढीसाठी?" मी म्हणालो, "एका मेंढीसाठीच माणूस तुरुंगात जायलाय." अर्ज घेईपर्यंत मी त्याच्या टेबलापुढून हललो नाही. माझ्यामुळे त्याचा चहा निवला, तेवढ्यासाठी तरी त्याने अर्ज घेतला असावा.

पेशीच्या सकाळी अदालतीच्या आवारातल्या लिंबाखाली मेंढी बांधलेली होती. डाव्या कानाला खाच. उजव्या कानाचा शेंडा गेलेला.

मी लिंबाकडे पाठ केली. धनगरीण मात्र शिपायाच्या परवानगीने मेंढीजवळ बसली आणि तिने दोन्ही कान दोन हातांत घेतले, डोळे मिटून. मग मला म्हणाली, "इकडं या. बोटं द्या."

तिने माझं बोट खाचेवरून फिरवलं. कड मऊ होती आणि काठावर बारीक केस उगवलेले. "आठ दिसाच्या कोकराला कातरतोत आमी. कानासंगं खाच वाढती, केस येत्यात." मग उजव्या कानाच्या टोकावरून बोट फिरवलं. कड टणक, खरखरीत, एका जागी खपली. "आन् ही?"

"ताजी," मी म्हणालो.

"आता कोटाला पुसू नका बोटं. परत लावा. परत." तिने माझ्याकडून तो धडा सहा वेळा गिरवून घेतला. सनदेच्या परीक्षेला कोणी माझी इतकी तयारी करून घेतली नव्हती.

तिला आमच्या बाजूची साक्षीदार म्हणून उभं करायचं मी ठरवलं होतं. सरकारी वकील लगेच हसले. "मुलजिमाची बायको दुसरं काय सांगणार?" ते बरोबर होतं. म्हणून मी मुन्सिफसाहेबांना विनंती केली की हुजूरनी स्वतः हात लावून बघावं. फिर्यादीच्या जबानीप्रमाणे उजवी खूण लहानपणची, डावी दोन महिन्यांची. उलटं असेल तर फिर्याद खोटी.

मेंढी आत आणली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, तिने मला ढुशी दिली, मी सावरून एक कान पकडला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "हुजूर, हा डावा कान! बघावा. कड टणक, खपली ताजी!"

सरकारी वकील उडालेच. "लिहून घ्या! मुलजिमाचीच खूण ताजी आहे, त्याचेच वकील कबूल करतायत!"

मी मेंढीच्या तोंडासमोर बसलो होतो. माझ्या डाव्या हाताला तिचा उजवा कान होता.

तेव्हा पहिल्यांदा धनगर बोलला. मी घातलेली बंदी मोडून, हात जोडून, पण आवाज जराही न कापता. "सरकार, वकीलसाहेबांचा डावा नगं. मेंढीचा डावा बगा. माणूस मेंढीच्या मागं चालतंय, म्होरं न्हाई. मागून बगा."

सरकारी वकील म्हणाले, मुलजिमाने मध्ये बोलू नये. मुन्सिफसाहेब म्हणाले, "खटला त्याचा आहे. बोलेल." आणि ते खुर्चीवरून उतरले. शेरवानीचा घेर सावरत मेंढीच्या मागच्या बाजूला आले, वाकले आणि दोन्ही कान चाचपले. बराच वेळ. मग त्यांनी जमीनदाराला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि एवढंच विचारलं, "हा शेंडा केव्हा कापला?"

जमीनदाराने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी त्याला काहीही शिकवलं नाही. तोंड घट्ट मिटून बसलो. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली उलटतपासणी तीच.

"ठावं न्हाई," तो शेवटी म्हणाला.

संध्याकाळच्या आत निकाल झाला. गुन्हा शाबीत नाही, मुलजिम बरी, म्हणजे सुटला. मी कागद आवरायला लागलो. धनगराने माझी आखूड बाही धरली. "म्हंजी म्या चोर न्हाई म्हनले, का चोरी दिसली न्हाई म्हनले?"

"सुटलात ना, मामा?"

"गावाला काय सांगू?"

मी परत उभा राहिलो. विचारलं, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात द्यायचा? मुन्सिफसाहेब म्हणाले, "जिसकी है उसी को." मी म्हणालो, हे निकालात लिहावं, आणि मेंढी चावडीपुढं, पंचांदेखत जप्त झाली, तेव्हा परतही तिथंच, पंचांदेखत मिळावी. पेशकाराने हताश होऊन नवी शाई घेतली. मुन्सिफसाहेबांनी दोन्ही लिहवलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अमीनसाहेबांनी चावडीपुढं हुकूम वाचला आणि मेंढीची दोरी धनगराच्या हातात दिली. त्याने दोरी तिथंच सोडून टाकली आणि मेंढीला मोकळं हाकत गावातल्या मोठ्या रस्त्याने निघाला, जमीनदाराच्या दारावरून. मागे धनगरीण, तिच्या मागे मी.

वेशीजवळ एक शेतकरी बैलं घेऊन उभा होता. त्याने मेंढीकडे पाहिलं, मग धनगराकडे.

"कळप कुठं हाय?"

"गायरानात."

"वढ्याच्या वरलं रान नांगरलंय म्या," शेतकरी म्हणाला. "उद्या आणून बसव."